धूळपेरणी

आमच्या खानदेशात मृगाच्या आधी, जमीन अजून तापलेली असताना, काही शेतकरी कापसाचे बी कोरड्या मातीत टाकून मोकळे होतात. तिला धूळपेरणी म्हणतात. पाऊस वेळेवर आला तर त्यांचे पीक शेजाऱ्याच्या चार पावले पुढे असते. नाही आला तर बी मातीतच करपते आणि दुबार पेरणीसाठी कुणाचा तरी उंबरा चढावा लागतो. टाकलेले बी वेचून पुन्हा पिशवीत भरता येत नाही, एवढी एकच गोष्ट या व्यवहारात निश्चित असते. आमच्या घरी शेती भावाने केली, मी मास्तरकी केली. तरीही 2025 च्या ज्येष्ठात मला ही धूळपेरणी वारंवार आठवली, ती शेतामुळे नव्हे, तर एका पंधरा वर्षांच्या मुलीमुळे.

नरडाण्यात आमच्या भिंतीला भिंत लागून तिचे घर आहे. वडील औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात. दहावीचा निकाल 13 मे रोजी लागला, पेढे वाटून झाले आणि चार दिवसांत घरात कुजबूज सुरू झाली. अकरावीचा प्रवेश त्या वर्षापासून साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला होता. मुंबईकरांना ही पद्धत 2009 पासून ठाऊक. आमच्याकडे मात्र तोवर गुणपत्रिका घेऊन कॉलेजच्या खिडकीशी उभे राहिले की काम भागत असे. आता कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजे पसंतीच्या क्रमाने लिहायची होती, आणि त्या यादीच्या पहिल्या ओळीत मेख होती. दुसरे किंवा पाचवे कॉलेज मिळाले तर पुढच्या फेरीची वाट पाहता येत होती. पण पहिल्या क्रमांकाचे मिळाले, तर तेथे प्रवेश घ्यावाच लागे. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर.

एका संध्याकाळी तिचे वडील मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "नाना, पहिलं नाव जवळच्या कॉलेजचं टाकतो. ते नक्की मिळंल. मग पुढच्या फेरीत धुळ्याचं पाहू."

मी म्हटले, "अहो, जे नक्की मिळणार तेच पहिले लिहिलेत, तर पुढची फेरी तुमच्यासाठी उरतेच कुठे?"

गृहस्थ गप्प झाले. माणूस चतुर खरा. पण घाबरलेला माणूस जेव्हा चतुराई करतो, तेव्हा तो बहुधा स्वतःलाच फसवतो. या नियमाची गंमत अशी, की तो मनापासून यादी लिहिणाऱ्याचे काही बिघडवत नाही. जे सर्वांत हवे तेच पहिले लिहिले आणि ते मिळाले, तर बांधले गेल्याचे दुःख कसले? नाही मिळाले, तर आपण बांधलेलेच नाही. नियम टोचतो तो ज्याने भीतीपोटी नको ते वर लिहिले त्याला. मला तर त्यात एक नीतीचा धडाच दिसला. ज्याच्यापासून आपल्याला उद्या सुटायचे आहे, त्याला आज आपले पहिले म्हणू नये.

आता कुणी विचारील, असले बंधन मुळात हवेच कशाला? मलाही प्रथम तसेच वाटले. मग शाळेतले दिवस आठवले. चार ठिकाणी नाव घालून ठेवणारी, शेवटच्या दिवसापर्यंत चारही जागा अडवून बसणारी सुखवस्तू घरची मुले मी पाहिली आहेत, आणि त्या जागा मोकळ्या होण्याची वाट पाहत महिनाभर व्हरांड्यात ताटकळणारी मुलेही पाहिली आहेत. रांगेत आपल्या मागे कोण उभे आहे, हे आपल्याला दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या मुलाला दिलेला शब्द म्हणजे हे बंधन. मागच्याची गाडी चुकू नये म्हणून पुढच्याने तिकीट घेऊन खिडकी सोडावी, तसेच हे.

एवढ्यावर माझे समाधान झाले असते, पण भाद्रपदात न्यू जर्सीहून पुतण्याचा फोन आला. त्याची मुलगी बारावीत आहे. तिकडे 'अर्ली डिसिजन' नावाची प्रथा आहे. अनेक कॉलेजांत 1 नोव्हेंबरच्या सुमारास, म्हणजे आपली दिवाळी सरता सरता, एकाच कॉलेजकडे असा अर्ज करायचा, आणि डिसेंबरच्या मध्यावर होकार आला तर बाकीचे सारे अर्ज मागे घेऊन तेथेच जायचे. करारावर मुलगी सही करते, आईबाप करतात, शाळेचा समुपदेशकही करतो. असा शब्द देणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी प्रवेशाची शक्यता अधिक असते.

"काका, शब्द द्यायचा की नाही?" त्याने विचारले.

मी विचारले, "खर्च किती?"

तिथल्या कित्येक खासगी कॉलेजांचा वर्षाचा सारा खर्च 80,000 डॉलरच्या पुढे जातो. कॉलेज आर्थिक साहाय्य देते. पण किती, हे होकाराच्या वेळी कळते, आणि तोवर शब्द देऊन झालेला असतो. साहाय्य अपुरे पडले तर करारातून सुटता येते, हे खरे. पण चार कॉलेजांचे देकार समोर ठेवून तुलना करण्याची मुभा गेलेली असते. ज्याला फी पाहावी लागत नाही त्याला हे बंधन फुलासारखे हलके, आणि ज्याला पै-पैचा हिशेब करावा लागतो त्याला ते जड. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांनी 2006 साली लवकरचे प्रवेश बंद करण्याचे ठरवले, त्यामागे हाच विचार होता, की त्याचा लाभ सुस्थितीतल्यांनाच जास्त होतो. 2011 साली दोघांनी ते पुन्हा सुरू केले, मात्र मुलांना बांधून न घेता.

येथे मला पुन्हा धूळपेरणी आठवली. मे महिन्यात बी टाकणारे दोन शेतकरी बांधावरून पाहिले तर सारखेच धाडसी दिसतात. पण एकाच्या शेतात विहीर असते. पाऊस लांबला तर तो मोटार चालू करील. दुसऱ्याच्या हाती फक्त आभाळ. दोघांच्या धाडसाला एकच नाव देणे बरे नव्हे. म्हणून 'बांधून घ्यावे का?' या प्रश्नाला सर्वांना लागू पडणारे एक उत्तर मला देता येत नाही. आधी 'विहीर आहे का?' हे विचारावे लागते. मी पुतण्याला तेवढेच सांगितले: देकारांची तुलना केल्यावाचून तुझे भागणार नसेल तर शब्द देऊ नकोस, त्यात कमीपणा नाही, आणि भागणार असेल, तर सही करण्यापूर्वी मुलीला विचार, आणि विचारून झाल्यावर गप्प बस.

हे शेवटचे वाक्य मी त्याला सांगितले खरे, पण ते मी फार उशिरा शिकलो आहे. माझ्या मुलाचा अकरावीचा अर्ज मी स्वतःच्या हाताने भरला होता. त्याला चित्रकलेकडे जायचे होते. मी 'विज्ञान' असे वळणदार अक्षरात लिहिले आणि त्याच्यापुढे कागद सरकवला. त्याने मुकाट्याने सही केली. तो शब्द त्याने पाळलाही. आज पुण्याला चांगल्या नोकरीत आहे, मला कधी बोल लावला नाही. पण दर दिवाळीला तो घरी येतो, बाजारचा आकाशकंदील आणू देत नाही, ओसरीवर बसून काड्या आणि कागद घेऊन स्वतः करतो. त्याचा हात चालताना पाहिला, की त्या जुन्या अर्जावरचे माझे वळणदार अक्षर मला आठवते. शब्द मी दिला आणि पाळला त्याने.

आमच्या धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. गुरुजी अमळनेरच्या शाळेतली शिक्षकाची नोकरी 1930 साली सोडून सत्याग्रहात आले होते. भिंतीआड कोंडलेली ती माणसे स्वधर्माविषयी इतक्या मोकळ्या मनाने बोलू-ऐकू शकली, याचे मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. ते बंधन त्यांनी आपण होऊन पत्करले होते. स्वतः पत्करलेले बंधन आणि दुसऱ्याने घातलेले बंधन बाहेरून हुबेहूब सारखे दिसते. फरक फक्त आत राहणाऱ्याला ठाऊक असतो.

शेजारच्या घरी तो फरक ओळखला तो मुलीच्या आजीने. वडील आणि मी बसच्या वेळा, पाळी, मुलींना बारावीपर्यंत मिळणारा एस.टी.चा मोफत पास असा हिशेब मांडत बसलो होतो. म्हातारी चुलीपासून म्हणाली, "तिले कोनी इचारं का?"

कुणीच विचारले नव्हते. मुलगी दारात उभी होती. म्हणाली, "धुळे." मग थोडे थांबून मलाच विचारले, "पण नाना, पहिलं नाव टाकलं आणि नंतर माझं मन बदललं तर?"

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. उद्याच्या आपल्याला आजच्या आपण कितपत बांधावे, हे कोडे थोरामोठ्यांनाही सुटलेले नाही. लग्ने, नोकऱ्या, कर्जे, सारे त्यावरच उभे आहे. मी एवढेच म्हटले, "मन बदलेलच. तेव्हा, नाव मी स्वतः लिहिले होते, एवढे आठवता आले पाहिजे." यादी तिने स्वतः भरली. वडील नुसते शेजारी बसले होते, आणि त्यांना ते जड जात होते हे दिसत होते.

तिला पहिलेच नाव मिळाले. श्रावणात एकदा पहाटे फिरायला निघालो, तर आग्रा रोडवर बसची वाट पाहत उभी होती. रात्री पाऊस होऊन गेला होता, पलीकडच्या रानात कापूस वर आला होता. मी थट्टेने विचारले, "काय, बदललं का मन?"

"रोज सकाळी उठताना बदलतं, नाना," ती म्हणाली. "बस दिसली की परत जाग्यावर येतं."

बस आली. ती चढली. मी घरी येऊन मुलाला पत्र लिहायला बसलो. दोन ओळींच्या पुढे काही गेलो नाही. दिवाळीला तो येईलच, तेव्हा ओसरीवर त्याच्याजवळ बसून विचारीन म्हणतो.