पुढचा सामना कधी?

भारतात बास्केटबॉलवर पोट भरणारा माणूस स्टेडियमपेक्षा रेल्वेच्या फलाटावर लवकर सापडतो. कल्याण स्थानकात जिन्याच्या तोंडाशी सव्वासहा फुटांचा तिकीट तपासनीस उभा दिसला की माझं लक्ष आधी त्याच्या बोटांकडे जातं. मधलं बोट पेरापाशी किंचित वाकलेलं असेल, सांधा जाड झालेला असेल, तर ओळख पटते. वेगात आलेला पास नेमका बोटाच्या टोकावर आदळला की बोट आतल्या आत दबतं. चिकटपट्टीने ते शेजारच्या बोटाला बांधायचं आणि तसंच खेळत राहायचं. असं वर्षानुवर्षं झालं की ते पुन्हा कधी सरळ होत नाही. अशा माणसाशी दोन मिनिटं बोललं की कळतं, रेल्वेत तो क्रीडा कोट्यातून आलेला असतो.

आपल्याकडे व्यावसायिक बास्केटबॉलपटूचं आयुष्य बहुतांशी असंच उभं राहतं. रेल्वे, सेनादलं, पोलीस, ओएनजीसी, आयकर, कस्टम्स. निवड चाचणी, प्रमाणपत्रांची पडताळणी, मग क्लार्क किंवा टीसीची जागा. सरावासाठी कामात सवलत, स्पर्धेसाठी विशेष रजा. तिशी उलटली, गुडघे बोलू लागले की पूर्णवेळ कार्यालय. या वाटेला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मला ती वाट आदराची वाटते. या खात्यांनी संघ बाळगले नसते तर आपल्याकडे हा खेळ शाळेच्या गणवेशाबरोबरच सुटला असता. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भारतीय रेल्वेच्या संघाने इतकी वर्षं वर्चस्व राखलं, त्यामागे हा महिन्याचा पगारच आहे.

मग अडतं कुठे? माझ्या मते, सामन्यांच्या संख्येवर.

आमच्या शिरगावचंच घ्या. बदलापूर पूर्वेचा हा भाग काही वर्षांत इमारतींनी भरून गेला, पण त्या मानाने मैदानं वाढली नाहीत. तरी माझ्याकडे बास्केटबॉल शिकायला मुलं येतात. पावसाळ्यात उघड्या सिमेंटच्या कोर्टावर शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासलं तरी दोन दिवसांत पुन्हा हिरवं. जून ते सप्टेंबर त्या कोर्टावर धावणं म्हणजे घोटा मोडून घेणं. आम्ही तेव्हा पार्किंगच्या छताखाली नुसतं ड्रिब्लिंग करतो. पाऊस सरत आला की शालेय स्पर्धा लागतात, आणि त्या असतात बाद पद्धतीच्या. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती शिडी. तालुक्याला पहिल्याच सामन्यात हरलात तर वर्ष संपलं. वर्षभर घाम गाळलेल्या मुलाच्या वाट्याला खऱ्या शिट्टीखालची चाळीस मिनिटं येतात, आणि तीही तो पाचात असला तर. बाकावरच्या मुलाला तेवढीही नाहीत.

याची किंमत केवढी मोठी असते ते सतनामसिंग भामराच्या कारकिर्दीकडे पाहिलं की कळतं. पंजाबातल्या बल्लो के या छोट्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा, उंची सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीत डॉ. शंकरन सुब्रमणियन यांच्या हाताखाली तयार झाला. निवास, जेवण आणि रोजचा खेळ, हे त्या अकादमीचं बळ होतं. अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंगही तिथलेच. सतनाम 2010 साली, चौदाव्या वर्षी, फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला आणि 2015 साली डॅलस मॅव्हरिक्सने त्याला 52व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. देशभर पेढे वाटावेत अशी ती बातमी होती. पुढे काय झालं? एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दुय्यम लीगमधल्या टेक्सास लेजेंड्स या संघात तो बहुतेक वेळ बाकावर होता. त्याच्या वयाची अमेरिकन मुलं शाळा-कॉलेजात शेकडो सामने खेळून आली होती. कुठे उभं राहायचं, कधी वळायचं हे त्यांना विचार न करता सुचत होतं. सात फुटांच्या देहाला हे फक्त सरावाने येत नाही. पुढे उत्तेजक द्रव्य चाचणीतल्या दोषामुळे त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि 2021 साली त्याने अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीचा रस्ता धरला. त्याच्याविषयी लोक ‘वाया गेला’ म्हणतात ते मला पटत नाही. आपण त्याला उंचीच्या भरवशावर पाठवलं, सामन्यांची शिदोरी बरोबर दिली नाही.

देशात लीग काढण्याचे प्रयत्न झाले. 2015 साली यूबीए लीग सुरू झाली. मुंबई चॅलेंजर्स, पुणे पेशवाज ही आपल्या मातीतली नावंही त्यात होती. एकेक हंगाम थोड्याच आठवड्यांचा, आणि चार हंगामांनंतर 2017 साली सगळं थांबलं. ज्यांनी त्या भरवशावर नोकरीच्या चाचण्या पुढे ढकलल्या असतील, त्यांचं काय झालं असेल याचा विचार मला अस्वस्थ करतो. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स दोन सामने खेळून गेले. मुलं हरखून गेली होती. पण पाहुण्यांचा सामना पाहिल्याने आपल्या मुलाच्या खात्यात सामना जमा होत नाही.

महिलांचा प्रवास तर याहून बोलका आहे. जुलै 2017 मध्ये बंगळुरूत आशिया चषकाच्या ‘ब’ विभागात भारताने अंतिम सामन्यात कझाकस्तानला 75-73 असं हरवलं. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. मराठी घरातली मुलगी आशिया चषकाचा ‘ब’ विभाग जिंकणाऱ्या संघात खेळते, ही गोष्ट आमच्या लोकलच्या डब्यात किती जणांना ठाऊक होती? दोन वर्षांनी तिथेच, वरच्या गटात, भारतीय संघ सगळे सामने हरला आणि आठ संघांत आठवा आला. त्या स्पर्धेचं विजेतेपद जपानने घेतलं. जपानचा महिला संघ उंचीने जगातल्या बुटक्या संघांपैकी, तरी टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळवलं. अंतिम सामना अमेरिकेशी 90-75 असा हरल्या. आणि गंमत पाहा, जपानच्या लीगमधले बरेच महिला संघ कंपन्यांचेच आहेत: टोयोटा, डेन्सो, फुजित्सू, एनिऑस. म्हणजे पगाराची सोय आपल्या रेल्वेसारखीच. फरक एवढाच की ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत त्या मुली दर आठवड्याच्या शेवटी सामना खेळतात. आपल्या मुली शिबिरात भेटतात, स्पर्धा खेळतात आणि पुन्हा आपापल्या कार्यालयात जातात.

आपल्या मुंबईत सामन्यांचं हे मोल कळलेला एक मोहल्ला आहे. नागपाडा. अर्जुन पुरस्कार मिळवणारे, भारताचे कर्णधार राहिलेले अब्बास मुंतासिर तिथले. मस्तान वायएमसीए आणि बच्चुखान मैदान, गजबजलेल्या वस्तीतल्या या दोन जागांनी महाराष्ट्राला आणि देशाला किती खेळाडू दिले! मी आमच्या मुलांना सकाळची सीएसएमटी फास्ट पकडून भायखळ्याला उतरवतो आणि पायी तिकडे नेतो. तिथे कोणी त्यांना भाषण देत नाही. संघ पडतात, हरणारा बाहेर बसतो, जिंकणारा आत राहतो. आमची मुलं पहिल्या तासात पाचदा बाहेर येतात. दुपारपर्यंत मात्र स्क्रीन लावायला, म्हणजे साथीदाराला वाट मोकळी करून द्यायला, न सांगता उभी राहू लागतात. शिरगावात तीन महिने मी तोंडाने सांगून जे झालं नव्हतं, ते तिथे अर्ध्या दिवसात होतं.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एका मुलीची आई भेटायला आली. मुलगी गार्ड, उंची बेताची, डोकं तल्लख. आई म्हणाली, “सर, खरं सांगा. हिने यात पुढे जावं का? नोकरी लागते ना?”

मी म्हटलं, “ताई, रेल्वेच्या, पोलिसांच्या चाचण्या असतात. राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी हिला वरच्या पातळीपर्यंत जावं लागेल.”

“मग अडचण कसली?”

“हिला पुढची पाच वर्षं सामने कुठून द्यायचे, ही.”

ती थोडी गप्प राहिली, मग म्हणाली, “सामने तर तुम्हीच लावायला हवेत ना?”

तिचं बरोबर होतं. राष्ट्रीय लीग कुणी केव्हा चालवेल ते आपल्या हातात नाही. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही एकाच लोकल मार्गावरची गावं. टोकापासून टोकापर्यंत पाऊण तासही लागत नाही. चार गावांतले आठ संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे प्रत्येक संघाला चौदा सामने. कोर्ट वाळलं की नोव्हेंबरमध्ये सुरू करून फेब्रुवारीत संपवायचं, शनिवारी संध्याकाळी. दोन पंच, टेबलावर गुणलेखक आणि वेळ पाहणारा, एक बरा बॉल, चार दिवे. पंचांचं मानधन आणि मुलांचा रेल्वे पास हाच मोठा खर्च. बाद पद्धत नको, हरलेल्याने पुढच्या शनिवारी पुन्हा यायचं.

यंदा दिवाळीनंतर सुरुवात करायचं ठरलं आहे. मुलांचे पाच संघ तयार आहेत, एका मैदानाची परवानगी यायची आहे, दिव्यांचं ठरतंय. मुलींचे मात्र दोनच संघ जमलेत, आणखी दोन तरी हवेत. अंबरनाथ-उल्हासनगरच्या शाळांत मुली खेळतात हे मला माहीत आहे. त्यांच्या क्रीडाशिक्षकांकडे मी या आठवड्यापासून जायला लागलो आहे.