छापलेलं परत घेता येतं का?

१७ मार्च २०१६ रोजी 'लोकसत्ता'त 'असंतांचे संत' हा अग्रलेख आला. मदर तेरेसांना संतपद देण्यावर त्यात टीका होती. दुसऱ्याच दिवशी वृत्तपत्राने दिलगिरी व्यक्त केली आणि अग्रलेख मागे घेत असल्याचं जाहीर केलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. अभिव्यक्तिस्वातंत्र्य, धार्मिक भावना, संपादकाचा कणा अशा सगळ्या बाजूंनी त्यावर भरपूर वाद झाले. त्या वादांत आज शिरायचं नाही. माझं डोकं तेव्हापासून एका साध्या क्रियापदात अडकलंय. 'मागे घेतला' म्हणजे नेमकं काय केलं?

१७ तारखेचा अंक वाटून झाला होता. तो घरोघरी टीपॉयवर पडला होता, सलूनमध्ये पडला होता, वाचनालयाच्या काठीला अडकवलेला होता. तो कुणीच मागे घेऊ शकत नव्हतं. वेबसाइटवरून मात्र तो काढता आला. म्हणजे एकाच क्रियापदाचे एकाच दिवशी दोन अर्थ झाले. कागदावर त्याचा अर्थ होता, 'हे आमचं म्हणणं आहे असं आता आम्ही मानत नाही.' स्क्रीनवर त्याचा अर्थ होता, 'ते आता इथे नाही.' पहिलं वाक्य मत बदलल्याचं आहे. दुसरं वाक्य भूतकाळ बदलल्याचं आहे.

एक गोष्ट नमूद करायला हवी. 'लोकसत्ता'ने हे उघडपणे सांगून केलं. जे सांगून केलं जातं त्यावर निदान वाद घालता येतो. मला काळजी वाटते ती न सांगता होणाऱ्या गोष्टींची. त्या रोज होतात, आणि त्या कशा होतात हे मला माहीत आहे, कारण तसल्या यंत्रणा बांधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

कागदावरचा अंक तुम्ही विकत घेता तेव्हा तो तुमचा होतो. प्रकाशकाचा त्यावरचा हात सुटतो. वेबवरचा लेख तुम्ही उघडता तेव्हा तुमचा फोन दर वेळी सर्व्हरला नव्याने विचारतो, 'या पत्त्यावर आत्ता काय आहे?' सर्व्हर डेटाबेसमधली एक ओळ काढून देतो. सकाळी एक मथळा असेल तर सकाळी तो दिसतो. दुपारी कुणी ती ओळ बदलली, तर दुपारी दुसरा. सकाळचं काय होतं हे कुठेतरी साठवून ठेवायचं की नाही, हा बांधणाऱ्याचा निर्णय असतो. साठवलं तरी ते वाचकाला दाखवायचं की नाही, हा मालकाचा निर्णय असतो.

गंमत अशी की आम्ही प्रोग्रामर स्वतःच्या कामाबाबत याच्या अगदी उलट वागतो. कोडमधला स्वल्पविराम बदलला तरी कुणी, कधी, कशासाठी बदलला याची नोंद राहते. चार वर्षांपूर्वीची आवृत्ती दोन मिनिटांत काढून दाखवता येते. म्हणजे हे तंत्रज्ञान महाग नाही, अवघडही नाही. लॉगिनच्या बटणाचा रंग कधी बदलला हे आम्हाला सांगता येतं, आणि एखाद्या आरोपाच्या बातमीतलं 'अटक' हे 'चौकशी' कधी झालं हे वाचकाला सांगता येत नाही. यात तंत्राचा दोष काढण्यासारखं फारसं काही नाही. कशाची नोंद मोलाची मानायची, हे आधीच कुणीतरी ठरवलेलं आहे.

२०१२ साली अमेरिकेत काही तंत्रज्ञ आणि पत्रकारांनी मिळून 'न्यूजडिफ्स' नावाचा एक प्रकल्प सुरू केला. 'न्यूयॉर्क टाइम्स', सीएनएन, बीबीसी यांच्या वेबसाइटवरच्या बातम्या प्रसिद्ध झाल्यानंतर कशा बदलत जातात, याची तो नोंद ठेवत असे. यातले बहुतेक बदल निरुपद्रवी असतात. नवी माहिती येते, शुद्धलेखन सुधारतं. पण मुद्दा असा, की ही नोंद ठेवायला बाहेरच्या माणसांना यावं लागलं.

मला यातून एक जरा अस्वस्थ करणारी शंका येते. छापील वर्तमानपत्रांकडे आपण जी सचोटी पाहिली, त्यातली किती त्यांची होती आणि किती कागदाची? चूक झाली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर बारीक टायपात दुरुस्ती छापावी लागे, कारण दुसरा इलाजच नव्हता. कालचा अंक वाचकाच्या घरात पुरावा म्हणून बसलेला होता. ज्याला खोटं बोलता येत नाही त्याला सत्यवचनी म्हणता येत नाही. त्याची परीक्षा अजून व्हायचीय. प्रकाशकांची ती परीक्षा आता सुरू झालीय.

ती कशी चाललीय, याची दोन उदाहरणं देतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या 'डीएनएइन्फो' आणि 'गॉथमिस्ट' या स्थानिक बातम्यांच्या साइट मालकाने अचानक बंद केल्या. तिथल्या कर्मचाऱ्यांनी युनियन करण्याच्या बाजूने मत देऊन जेमतेम आठवडा झाला होता. बंद झाल्या त्या संध्याकाळी कुठलीही जुनी बातमी उघडली तरी मालकाचं निरोपाचं पत्र दिसत होतं. शहराच्या वर्षानुवर्षांच्या बातम्या आणि पत्रकारांनी पुढच्या नोकरीसाठी दाखवायचं काम, सगळं एका पत्रामागे गेलं. बोंबाबोंब झाल्यावर ते परत दिसू लागलं. परत आलं ही चांगली गोष्ट. पण ते एका माणसाच्या मर्जीने गेलं आणि त्याच मर्जीने आलं.

दुसऱ्या उदाहरणात राग वगैरे काही नव्हता, हिशेब होता. ऑगस्ट २०२३ मध्ये 'सीनेट' या तंत्रज्ञानविषयक साइटने आपले हजारो जुने लेख काढून टाकले. जुनी, न वाचली जाणारी पानं कमी केली की गूगलमध्ये आपण वर दिसू, असा त्यामागचा हेतू होता. गूगलने सांगितलं की नुसतं जुनं काढून असा फायदा होत नाही. पण लेखाचं वय हाच त्याचा गुन्हा ठरू शकतो, हे तिथे दिसलं.

मराठीत हे प्रकरण अजून गुंतागुंतीचं आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपली वर्तमानपत्रं वेबवर आली तेव्हा युनिकोडचा वापर रुळलेला नव्हता. ज्याचा त्याचा फॉन्ट होता. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली असायची. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर असेल तर मराठी दिसायचं, नसेल तर कचरा. पुढे सगळे युनिकोडवर आले, आणि तेव्हा जुन्या पानांचं रूपांतर करायचं की सोडून द्यायचं, हा प्रश्न प्रत्येकासमोर आला. रूपांतराला माणसं लागतात, वेळ लागतो, आणि जुन्या पानांवर जाहिरात मिळत नाही. काय झालं असेल, हे वेगळं सांगायला नको.

माझी आत्या शिक्षिका होती. तिने अधूनमधून पुरवण्यांमध्ये लिहिलंय. १९९४ सालचा तिचा लेख फाइलमध्ये कापून चिकटवलेला आहे. पिवळा पडलाय, पण वाचता येतो. नंतर एका साइटवर तिने वर्षभर सदर लिहिलं. निवृत्त झाल्यावर ते सगळं एकत्र करावं असं तिच्या मनात आलं आणि तिने मला लिंक पाठवल्या. एकही उघडेना. साइट तीच, नाव तेच, पण मधल्या काळात यंत्रणा बदलली होती. मेल केल्यावर उत्तर आलं की जुना डेटा उपलब्ध नाही. आत्या म्हणाली, "अरे, म्हणजे मी लिहिलं होतं हे मी आता फक्त सांगायचं का?" त्यावर माझ्याकडे तांत्रिक उत्तर होतं. तिने तांत्रिक प्रश्न विचारलेला नव्हता.

पण यावर कुणीही म्हणेल, की कागद तरी कुठे टिकायचा? वर्तमानपत्राची रद्दी व्हायची, रद्दीत भेळ बांधली जायची. खरं आहे. 'प्यू रिसर्च सेंटर'ने २०२४ मध्ये केलेल्या अभ्यासात २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती. कुणी मोजलं असतं तर वर्तमानपत्राच्या प्रतींचं प्रमाण याहून कितीतरी वाईट निघालं असतं. तरी मला फरक वाटतो. रद्दीत एकेक प्रत जायची, आणि ती टाकायची की ठेवायची हे ज्याची प्रत तो ठरवायचा. सगळ्या प्रती एका दुपारी नाहीशा करण्याची ताकद कुणाकडेच नव्हती. हरवणं आणि पुसणं यांत हाच फरक आहे. हरवण्यात नशिबाचा भाग असतो, पुसण्यात अधिकाराचा.

दुसरा आक्षेप मला जास्त जड जातो. विसरलं जाणं ही कधीकधी दया असते. १९९८ साली बार्सिलोनाच्या 'ला व्हॅनगार्डिया' या वृत्तपत्रात एका गृहस्थाच्या मालमत्तेच्या लिलावाची छोटीशी नोटीस आली. कर्ज थकलं होतं. कागदाच्या काळात ही गोष्ट तिथेच संपली असती. पुढे वृत्तपत्राने आपले जुने अंक वेबवर आणले, आणि त्या गृहस्थाचं नाव गूगलमध्ये टाकलं की ती नोटीस वर येऊ लागली. कर्ज कधीच मिटलं होतं. प्रकरण युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१४ साली निकाल लागला, की नावाने शोधल्यावर ती लिंक दाखवणं गूगलने बंद करावं. त्यांचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही.

निकालातला एक बारकावा मला महत्त्वाचा वाटतो. वृत्तपत्राचं मूळ पान पुसायला सांगितलं गेलं नाही. ते त्या तारखेचं खरं पान होतं आणि तसंच राहिलं. फक्त रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या हातात ते कोंबायचं थांबलं. म्हणजे दया आणि नोंद यांत एकाचीच निवड करायची सक्ती नाही. एखादी गोष्ट सहज सापडू नये याची सोय करता येते आणि ती घडलीच नाही असं भासवणं टाळता येतं. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या अटकेच्या बातमीवर त्याच पानाच्या माथ्यावर 'यांची निर्दोष मुक्तता झाली' असं तारखेसकट लिहिता येतं. हे तर कागदाला कधीच जमलं नसतं.

तिसरा आक्षेप पैशांचा. छोट्या मासिकाला सर्व्हरचं भाडं परवडत नाही, आणि आजची बातमी लिहायला माणूस नसताना कालची कोण सांभाळणार? हे मी हसण्यावारी नेणार नाही. मजकुराचं ओझं मात्र फार थोडं असतं. दहा वर्षांचे लेख तुमच्या फोनमधल्या चार व्हिडिओंपेक्षा कमी जागेत मावू शकतात. आणि सांभाळायला जमत नसेल तर सोपवता येतं. आपल्याकडे १९५४ चा एक कायदा आहे. त्यानुसार छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांना द्यावी लागते. १९५६ साली त्यात वर्तमानपत्रंही आली. म्हणजे प्रकाशित केलं की एक प्रत आपल्या ताब्याबाहेर द्यायची, ही कल्पना आपल्याला नवी नाही. ब्रिटनने २०१३ मध्ये ती वेबपानांनाही लावली. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, ती परंपरा आज आपण ऑनलाइन दिवाळी अंकांतून चालवतो. त्या अंकांची दुसरी प्रत कुणाकडे असते?

आज जगभर हे काम मुख्यतः 'इंटरनेट आर्काइव्ह' ही १९९६ साली सुरू झालेली एक ना-नफा संस्था करते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला आणि ती काही दिवस बंद होती. जगाची जुनी पानं एकाच कपाटात ठेवणं किती धोक्याचं आहे, हे तेव्हा कळलं.

मला प्रकाशकांकडून हवंय ते थोडकं आहे. दुरुस्ती करा, पण काय बदललं ते पानावर लिहा. मागे घ्या, पण त्या पत्त्यावर एक ओळ ठेवा की इथे अमुक लेख होता, अमुक दिवशी, अमुक कारणाने काढला. साइट बंद करा, पण त्याआधी एक प्रत कुणाला तरी द्या. तंत्रज्ञानाशी जुळवून घेणं म्हणजे ॲप, व्हिडिओ, नोटिफिकेशन, सबस्क्रिप्शन एवढंच आपण समजतो. पूर्वी कागद जी राखण फुकटात आणि नाइलाजाने करत होता, ती आता स्वतःच्या इच्छेने करणं हाही जुळवून घेण्याचाच भाग आहे. तो दिसत नाही, त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि तो टाळला तर बरेच दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही. प्रामाणिकपणाची बहुतेक कामं अशीच असतात.

तोवर आपल्या हातात काय आहे? आवडलेला लेख फक्त शेअर करू नका. लिंक म्हणजे पत्ता. घर उद्या तिथे असेलच असं नाही. दोन मिनिटं काढून त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा, आणि एक 'इंटरनेट आर्काइव्ह'ला जतन करायला द्या. घरात कुणी पूर्वी कुठे लिहिलं असेल, तर त्यांना आजच विचारा की ते कुठे आहे. आत्याच्या सदरातले तीन लेख मला तिथेच सापडले. बाकीचे अजून शोधतोय.