सातबाऱ्यावर नसलेले मत

पळस्पे फाट्यावर जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि गोव्याकडे जाणारा रस्ता यांची फारकत होते. तिथून जाणाऱ्याला गाव दिसत नाही. दिसतात गोदामे, कंटेनर यार्ड, ट्रकांच्या रांगा आणि प्लॉटविक्रीचे फलक. गाव त्यांच्या मागे आहे. तिथल्या वाढत्या कुटुंबाला आणखी दोन खोल्या बांधायच्या झाल्या, तर परवानगीची वाट नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या दारातून जाते. जानेवारी 2013 मध्ये राज्य सरकारने नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी, म्हणजे ‘नैना’साठी, सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले आणि सुरुवातीला 270 गावे त्यात घातली. तेव्हापासून पनवेल तालुक्यात विरोधाचे ठराव आणि मोर्चे होत आले आहेत. त्यावरून शहरी चर्चेत एक निदान सर्रास केले जाते : खेड्यातल्या माणसाला बांधकामावर कसलेच बंधन नको असते. हे निदान मला सोयीचे वाटते, खरे वाटत नाही. लोकांचा राग बंधनावर आहे त्याहून अधिक त्याच्या वाटणीवर आहे.

शेतजमिनीत शेतघर बांधायचे तर किमान 0.4 हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन लागते. भावाभावांत वाटण्या होऊन कोकणपट्टीतली खातेफोड गुंठ्यांवर आली आहे. तिथे ही अट म्हणजे नकारच. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंतच्या जमिनीला अकृषिक वापराची सवलत महसूल कायद्याने दिली, पण नियोजन प्राधिकरणाची बांधकाम परवानगी त्यामुळे टळत नाही. नैनातल्या नगररचना परियोजनांत तर मालकाला 40 टक्के जमीन विकसित भूखंडाच्या रूपात परत मिळते आणि बाकीची रस्ते, उद्याने, सुविधा यांसाठी जाते. चटईक्षेत्र वाढवून मिळते, जमिनीला भाव येतो, म्हणून हा सौदा फायद्याचा, असे सरकार सांगते. चार एकरवाल्याच्या बाबतीत ते खरे असेलही. दहा गुंठेवाल्याच्या हाती मात्र चार गुंठे उरतात, आणि वाढीव चटईक्षेत्र वापरायला लागणारे भांडवल त्याच्याजवळ नसते. ते बिल्डरजवळ असते. टक्केवारी सर्वांना सारखी, पण झळ सारखी नाही. शिवाय या तालुक्याला आठवण आहे. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या, जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात मेले, त्यानंतर गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. गावठाणे मात्र वेळेत वाढवली गेली नाहीत. लेकरे वाढली, घरे वाढली आणि सरकारी दप्तरात ती ‘अनधिकृत’ ठरली. गावकरी त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. या शब्दप्रयोगात नियमाचा निषेध नाही, उशिराचा आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो : हे सारे भावासाठी चालले आहे, आज नियमाला विरोध करणारा उद्या जमीन विकून मोकळा होईल. काही जण होतील, यात शंका नाही. पण भावाचा विचार करणे हा फक्त शेतकऱ्याचाच दोष का मानायचा? ब्रिटनमध्ये 1947 च्या कायद्यापासून खेड्यांतल्या बांधकामावर कडक नियंत्रण आहे. तिथल्या सामाजिक सर्वेक्षणात आपल्या परिसरात नवी घरे व्हावीत असे म्हणणारे 2010 मध्ये 28 टक्के होते, 2014 मध्ये 56 टक्के झाले. चार वर्षांत माणसे बदलली नव्हती. घर न परवडण्याची झळ घरोघर पोचली होती. कोणाला काय सोसावे लागते यावर लोकमत हलते, तिथेही आणि इथेही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : बंधने सैल केली तर खाचरे बुजतील. हे मी मान्य करतो. भातखाचर आणि त्याचा बांध हे पावसाचे पाणी थोपवणारे यंत्रच आहे, आणि ते भरावाखाली गेले की गाढी नदीचे पाणी कुठे शिरते हे पनवेलला 26 जुलै 2005 नंतर सांगावे लागत नाही. पण नेमकी हीच तक्रार गावकरीही करतात. यार्डासाठी टाकलेल्या भरावाने नाला अडतो, असे म्हणणारा आणि नैनाला विरोध करणारा माणूस बहुधा एकच असतो. त्याला बंधन हवे आहे, भरावावर. आपल्याकडे खोली मोजायला माणूस येतो, भराव मोजायला येत नाही.

तरीही या लोकमतालाही एक भोक आहे, आणि त्याबद्दल मोर्चेवालेही फारसे बोलत नाहीत. प्रारूप परियोजना प्रसिद्ध झाली की हरकतीसाठी 30 दिवस मिळतात, पुढे लवाद प्रत्येक भूखंडाचा हिशेब करतो. ही सारी भाषा सर्व्हे नंबरची आहे. तालुक्यातल्या कातकरी वाड्यांपैकी कित्येक दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत. गोदामात हमाली करणारा परप्रांतीय कामगार चाळीतल्या खोलीचे भाडे भरतो. नव्या घरांवरचे बंधन सर्वांत आधी यांना लागते, कारण घरे कमी झाली की भाडे वाढते आणि जमिनीला भाव आला की वाडी हलवली जाते. सिडको 60 टक्के घेणार की 50, यावर त्यांचे मत काय असेल, हे कोणी विचारलेले नाही. हरकतीच्या अर्जात सर्व्हे नंबरचा रकाना आहे. तो कोरा ठेवून दिलेल्या अर्जाचे काय करायचे, यावर सिडकोनेही काही ठरवलेले दिसत नाही आणि संघर्ष समित्यांनीही.