प्रतवारी कशासाठी होती?

कुठल्याही मोठ्या दिग्दर्शकाचं नाव काढा, कुणीतरी त्याला ‘ओव्हररेटेड’ म्हणून मोकळं होतं. नोलन ओव्हररेटेड, टॅरॅन्टिनो ओव्हररेटेड, राय तर केव्हाचेच ओव्हररेटेड. हल्ली भन्साळी आणि मंजुळे यांचाही निकाल एका वाक्यात लागतो. लगेच त्याला जोड म्हणून एखादं आडबाजूचं नाव ‘अंडररेटेड’ ठरतं आणि सिनेमाची चर्चा तिथेच संपते. मला याचा राग येतो, आणि तो थोरांचा अपमान होतो म्हणून येत नाही. थोरांनी टीका सोसलीच पाहिजे. पण दिग्दर्शकांची प्रतवारी लावायला ज्यांनी सुरुवात केली, त्यांना लोकांनी अधिक चित्रपट पाहायला हवे होते. आज त्याच प्रतवारीच्या आधाराने लोक न पाहताच मत देऊ लागले आहेत.

ताजं उदाहरण घ्या. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना जगातले सर्वोत्तम चित्रपट विचारतं. २०२२मध्ये पहिला आला शांताल अकरमनचा १९७५चा ‘झान दिलमन’. आधीच्या खेपेला तो पहिल्या तिसांतही नव्हता. जगभर गदारोळ उठला: बाईने केलेला म्हणून वर काढला, बटाटे सोलण्याचा सिनेमा, ओव्हररेटेड. चित्रपट २०१ मिनिटांचा आहे आणि त्यात एक विधवा गृहिणी खरोखरच बटाटे सोलते. पण दुसऱ्या दिवशी ते बटाटे जास्त शिजून वाया जातात, आणि भांडं हातात घेऊन ती घरात इकडून तिकडे फिरते. ते टाकायचं कुठे, हेही तिला सुचत नाही. तोपर्यंत तिच्या दिवसाची घडी आपल्याला इतकी पाठ झालेली असते की त्या भांड्याने छातीत धस्स होतं. ते धस्स होणं ज्याने अनुभवलं, तो या चित्रपटाचा पहिला क्रमांक नाकारू शकतो, अगदी जोरात नाकारू शकतो. पण ‘बटाटे सोलण्याचा सिनेमा’ असं म्हणून तो उडवून लावणार नाही.

या सगळ्याची सुरुवात कुठे झाली ते वाचकांना ठाऊक आहे. जानेवारी १९५४मध्ये ‘काहिए दु सिनेमा’ या फ्रेंच मासिकात तरुण समीक्षक त्रुफोचा लेख आला आणि पटकथेच्या जिवावर जगणाऱ्या प्रतिष्ठित फ्रेंच सिनेमावर त्याने हल्ला चढवला. दिग्दर्शक हाच चित्रपटाचा कर्ता, हे सूत्र पुढे जगभर गेलं. त्यामागचं एक साधं कारण मात्र फारसं सांगितलं जात नाही. जर्मन ताब्याच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट येत नव्हते. युद्ध संपल्यावर ते लोंढ्याने आले. हॉक्स किंवा हिचकॉकचे अनेक वर्षांचे चित्रपट थोड्याच काळात एकापाठोपाठ पाहायला मिळाले. आंरी लांग्लुआच्या सिनेमातेकमध्ये तर त्रुफो आणि त्याच्याबरोबरची पोरं पहिल्या रांगेत ठाण मांडून बसलेली असायची. हे चित्रपट सुटे पाहिले असते तर धंदेवाईक करमणुकीचे नमुने वाटले असते. एकत्र पाहिल्यावर त्यांत एकाच माणसाची नजर दिसू लागली. म्हणजे या विचाराचा पाया भरपूर पाहण्यात होता.

त्याच मासिकाचा एक संस्थापक आणि या पोरांचा गुरू आंद्रे बाझां याने १९५७मध्येच इशारा दिला होता की चांगल्या दिग्दर्शकाचा प्रत्येक चित्रपट चांगलाच आणि दुसऱ्याचा वाईटच, असं धरून चाललात तर व्यक्तिपूजा होईल. त्रुफोच्या हल्ल्याची किंमतही कुणीतरी मोजली. ओराँश आणि बोस्त या पटकथाकारांची नावं एका पिढीला जुनाट वाटू लागली. पुढे १९७४मध्ये बर्त्रां ताव्हेर्निएने आपल्या पहिल्या मोठ्या चित्रपटासाठी मुद्दाम त्याच दोघांना बोलावलं, आणि चित्रपट उत्तम झाला. ‘ओव्हररेटेड’ हा शिक्का कुणाच्या तरी कामावर, पोटावर जाऊन बसतो, हे म्हणून विसरू नये.

पण खरा घोटाळा होतो तो पुढच्या टप्प्याबद्दल. १९६८मध्ये अमेरिकन समीक्षक अँड्र्यू सॅरिसचं ‘द अमेरिकन सिनेमा’ हे पुस्तक आलं. दिग्दर्शकांच्या याद्या आणि श्रेण्यांचं खापर आज याच पुस्तकावर फुटतं, आणि वरवर पाहता ते खरंही वाटतं. सॅरिसने दिग्दर्शकांची गटवार मांडणी केली. सर्वांत वर देवघरासारखा एक गट: चॅप्लिन, फोर्ड, ग्रिफिथ, हॉक्स, हिचकॉक, कीटन, रेन्वा, वेल्स, असे एकूण १४ जण. खाली ‘दिसतं त्याहून कमी’ अशा अर्थाचा एक गट. त्यात जॉन ह्यूस्टन, एलिया कझान, डेव्हिड लीन, बिली वाइल्डर. क्युब्रिक बसवला तो ओढूनताणून गंभीर होणाऱ्यांत. आजच्या याद्यांचा हा मूळपुरुष, असं म्हणून बहुतेक जण पुस्तक मिटतात.

मला हे वाचन साफ चुकीचं वाटतं. त्या पुस्तकाची पानं बघा. प्रत्येक दिग्दर्शकाच्या नावाखाली त्याच्या चित्रपटांची सालवार यादी आहे, आणि त्यातले महत्त्वाचे तिरप्या अक्षरांत छापलेले आहेत. ज्यांना सॅरिसने खाली ढकललं, त्यांचीही यादी तितक्याच निगुतीने दिली आहे. हे कशासाठी, ते समजायला १९६८चं न्यूयॉर्क डोळ्यांसमोर आणावं लागतं. व्हिडिओ कॅसेट घरात आलेली नव्हती. जुना चित्रपट पाहायचा तर टीव्हीवर मध्यरात्रीनंतर लागेल तेव्हा जागायचं, नाहीतर जुने चित्रपट लावणाऱ्या एखाद्या थिएटरात जायचं. आठवड्याच्या कार्यक्रमपत्रिकेत शेकडो अनोळखी नावं. कशासाठी जागावं? कुठला चुकवला तर पुन्हा कधी मिळणार? या प्रश्नांना उत्तर म्हणून ते पुस्तक लिहिलं गेलं. त्यातल्या श्रेण्या कुठून सुरुवात करायची ते सांगत होत्या. बड बेटिकर हे नाव कुणी ऐकलंही नसताना, स्वस्तातल्या वेस्टर्नपटांमध्येही पाहण्यासारखं काही आहे, हे तिथल्या वाचकांना अशा शोधातून कळलं.

सॅरिस हट्टी होता, पण पाहणं त्याने थांबवलं नाही. वाइल्डरला खाली बसवण्यात आपली चूक झाली, हे त्याने १९९१मध्ये स्वतंत्र लेख लिहून जाहीर केलं आणि वाइल्डरची जागा वरच्या गटात आहे असं सांगितलं. त्यासाठी त्याने तेच चित्रपट पुन्हा पाहिले होते, आणि त्याची श्रेणी त्यामुळे बदलली. आजच्या याद्यांत एखादं नाव असं जाहीरपणे मागे घेतलेलं दाखवा. सॅरिसकडून आपण उतरंड तेवढी उचलली आणि तिच्या पोटातली चित्रपटांची यादी टाकून दिली. हा बदल सॅरिसने केला नाही, त्याच्या वाचकांनी केला. म्हणून दोषही वाचकांचाच, म्हणजे आपला.

समीक्षक पॉलीन केलने सॅरिसला १९६३मध्येच झोडपलं होतं, आणि तिचा एक मुद्दा आजही टिकून आहे: चित्रपट एकटा दिग्दर्शक घडवत नाही. पण १९७१मध्ये ‘सिटिझन केन’च्या पटकथेचं जवळजवळ सगळं श्रेय तिने हर्मन मँकविट्झला देऊन टाकलं, तेव्हा ती स्वतःच दुसऱ्या टोकाला गेली. पुढे पटकथेचे खर्डे तपासले गेले तेव्हा त्यांत वेल्सचा हातही स्पष्ट दिसला. वाद सुटला तो कागद उघडून बघितल्यावर.

आता आपल्या अंगणात येऊ, कारण हा रोग इथे जास्त नुकसान करतो. मराठी सिनेरसिकांत एक जोडी ठरून गेली आहे: शांताराम ओव्हररेटेड, दामले-फत्तेलाल अंडररेटेड. त्यात तथ्याचा अंश आहे. ‘संत तुकाराम’ १९३६चा; व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, मुंबईत तो वर्षभराहून अधिक चालला, तरी दिग्दर्शक म्हणून विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल ही नावं आज पदवीच्या मुलांना सांगावी लागतात. उलट शांतारामबापूंचं नाव सर्वांच्या तोंडी, आणि ‘नवरंग’सारख्या नंतरच्या चित्रपटांतला भडकपणा माझ्याही अंगावर येतो.

पण चित्रपट लावून बघा. ‘तुकाराम’मध्ये गौरीने केलेली जिजाई पोराच्या दुखण्याने पिसाळून थेट विठोबाच्या देवळात शिरते आणि देवाला जाब विचारते. शेवटी तुकोबांना न्यायला वैकुंठातून विमान येतं, तेव्हाही ती घर सोडून जात नाही; पोरं आहेत, म्हैस आहे, संसार आहे. भक्तिपटात चमत्काराच्या शेजारी चूल इतक्या ठामपणे मांडणारी ही नजर कुणाची? दामले-फत्तेलालांची, हे खरंच. पण पटकथा शिवराम वाशीकरांची. संगीत केशवराव भोळे यांचं. आणि या चित्रपटातला जो अभंग लोक तुकोबांचाच समजून गाथेत शोधत बसले, तो लिहिला होता शांताराम आठवले यांनी.

तसंच ‘कुंकू’चं. १९३७चा हा चित्रपट शांतारामांचा. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली शांता आपटेंची नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. केशवराव दाते त्या म्हाताऱ्याला असा उभा करतात की त्याची चीड आणि कीव एकदमच येते. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही; जे ऐकू येतं ते त्या प्रसंगातलं, त्या घरातलं. १९३७ साली, भारतीय सिनेमा बोलायला लागून सहाच वर्षं झालेली असताना, एवढी शांतता पेलणारा दिग्दर्शक कुठल्या मापाने ओव्हररेटेड ठरतो? आणि ही शांतता तरी त्याच्या एकट्याची होती का? प्रभात फिल्म कंपनीत ध्वनीची बाजू दामल्यांकडे होती आणि नेपथ्याची फत्तेलालांकडे. मूळ कादंबरी आणि पटकथा नारायण हरी आपट्यांची. हे लोक कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली शिकले, १९२९मध्ये एकत्र बाहेर पडले, १९३३मध्ये पुण्याला आले आणि एकाच आवारात काम करत राहिले. शांतारामांना खाली ओढून दामले-फत्तेलालांना वर चढवायचं, तर ‘कुंकू’मधल्या दामले-फत्तेलालांचं काय करायचं?

शिक्का मारणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही, कारण त्याला दोन नावं पुरतात. ऋत्विक घटकांची गोष्ट यात बोलकी आहे. हयातीत त्यांचे बहुतेक चित्रपट पडले, आणि १९७६मध्ये ते गेले. आज ते रायांच्या बरोबरीने घेतले जातात, ते कुणी त्यांना अंडररेटेड ठरवलं म्हणून नाही. साठच्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्याकडे शिकलेले मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम त्यांच्याविषयी बोलत राहिले, लिहीत राहिले. फिल्म सोसायट्यांनी त्यांच्या प्रिंट मिळवून पुन्हा पुन्हा दाखवल्या. शहानींनी प्रभातच्या संतपटांवरही लिहिलं आहे. पुण्यातली ती संस्था प्रभातच्याच आवारात उभी आहे.

म्हणून माझी विनंती अगदी व्यवहाराची आहे. कुणी शांतारामांना, रायांना, नोलनला ओव्हररेटेड म्हणालं तर वाद घालू नका. कुठला चित्रपट, कुठला प्रसंग, एवढंच विचारा. आणि सुरुवात करायचीच तर ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ लागोपाठ दोन संध्याकाळी पाहा, श्रेयनामावली न गाळता. मग हवी ती यादी करा; मी ती आवडीने वाचेन.