मान डोलली म्हणजे कळलं नव्हे

हजेरीचा कागद आधी बाजूला ठेवा. किती आजी-आजोबा आले होते, हे मला नको आहे. कार्यक्रम संपल्यावर मी दारात उभं राहून एकेकाला विचारलं: आयुष्मान वय वंदना कार्डावर काय मिळतं, काय मिळत नाही? एकालाही धड सांगता आलं नाही. समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला बसलेल्या मुलांनी असं काम करावं, याची मला चीड आली आहे.

कार्यक्रम ठेवलात दुपारी दोनला. जेवून, गोळ्या घेऊन ही माणसं त्या वेळी पाठ टेकतात, हे तुमच्या घरी कधी पाहिलं नाहीत? पत्रकाची अक्षरं मला चष्मा लावूनही वाचता येईनात. आणि दर मुद्द्यानंतर "कळलं ना?" विचारत गेलात. शिकल्यासवरल्या मुलांसमोर, चारचौघांत, "नाही कळलं" म्हणायला त्या पिढीतल्या बाईची जीभ रेटत नाही. तिने मान डोलावली ती तुमचा मान राखायला.

दुसऱ्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, "पाच लाख हातात कधी येणार?" तुम्ही हसलात. सगळ्यात जास्त राग मला त्या हसण्याचा आला. या माणसाने उभ्या जन्मात विमा पाहिला तो एलआयसीचा. हप्ते भरायचे, मुदत भरली की बोनससकट पैसे घरी. त्यांच्या हिशेबाने प्रश्न अगदी रास्त होता, आणि तुमचं सगळं शिकवणं तिथूनच सुरू व्हायला हवं होतं. पैसे हातात येत नाहीत. योजनेतल्या रुग्णालयात भरती झालात तर बिल परस्पर भागतं. रोजच्या बीपीच्या गोळ्या आणि डॉक्टरची तपासणी फी त्यात नाही. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर वर्षाचे 5 लाख दोघांत मिळून. मुलाची कमाई कितीही असो, सत्तरी पूर्ण झालेल्याला कार्ड मिळतं. ऑक्टोबर 2024 पासून ही सोय आहे. एवढं सांगायला स्लाइड लागत नाही.

पुढे तर कहर केलात. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं बँकेने आणि नातवंडांनी या लोकांना बजावून बजावून सांगितलंय. तुम्ही माइकवरून म्हणालात, "ओटीपी सांगा, कार्ड काढून देतो." दोघीजणी पिशव्या उचलून निघून गेल्या. त्यांचं बरोबर होतं. कार्ड कोण काढतं, ओटीपी कशाला लागतो, हे आधी सांगायला नको? अनेकांच्या आधारला मुलाचा नंबर जोडलेला, आणि मुलगा पुण्यात. शेतात राबून बोटांचे ठसे झिजलेले. चेहरा दाखवूनही ओळख पटवता येते, हे कुणाच्या तोंडून निघालं नाही.

खासगी पॉलिसी घेतलेलेही तिथे होते. "जरा साखर आहे, पण एजंट म्हणाला फॉर्मवर लिहू नका," असं एक आजी माझ्या कानात म्हणाल्या. जुन्या आजारासाठी थांबायची मुदत 2024 पासून जास्तीत जास्त 3 वर्षं आहे. आजार लपवला तर दावाच नाकारला जाऊ शकतो. हे त्यांना कळायला हवं होतं. तुमच्या पत्रकात त्यावर एक ओळ नाही.

शनिवारी परत जायचं. सकाळी साडेनऊला, देवळाच्या ओसरीवर. माइक नको. आठ-आठ जणांत बसा आणि आधी त्यांना बोलू द्या: घरातलं कोण भरती झालं होतं, पैसे कुठून उभे केले, काय गहाण पडलं. मग त्यांच्याच त्या अनुभवाला धरून योजना समजावा. योजनेच्या मदतीचा 14555 हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येकाच्या हातात द्या. शेवटी "कळलं ना?" विचारायचं नाही. आजींनाच शेजारणीला समजावून सांगायला लावा. त्या चुकल्या तर गुण तुमचे जातील.