कवच कोणी फोडावं?

शेंद्र्याचं आमचं शेत औद्योगिक वसाहतीत गेलं, त्याआधीच्या उन्हाळ्यात मी बांधावरच्या कुंपणातून गुंजेच्या शेंगा तोडून आणल्या होत्या. आता तिथे बांध नाही, रुंद डांबरी रस्ता आहे. गुंजा मात्र एका बाटलीत आहेत. लाल, टोकाला काळ्या, आणल्या तेव्हा होत्या तशाच.

मागच्या पावसाळ्यात दहा गुंजा कुंडीत पेरल्या. महिनाभर पाणी घातलं, एकही उगवली नाही. उकरून पाहिलं तर सगळ्या टणक. त्या मेल्या नव्हत्या. गुंजेचं कवच पाणी आत शिरूच देत नाही. रानात ऊन, पाऊस आणि माती यांनी ते झिजतं, तेही प्रत्येक बीचं वेगवेगळ्या वेळी. म्हणून एखाद्या पावसाने दगा दिला तरी सगळा वंश एकदम बुडत नाही. ओलावा न घेणारी ही बी सोनाराच्याही कामाची होती: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा.

घाई असेल तर उपाय आहे. काळ्या टोकाच्या उलट बाजूने बी पॉलिश पेपरवर घासायची आणि रात्रभर पाण्यात ठेवायची. पण घासताना जपावं लागतं, कारण आतला गर जहाल विषारी असतो. वैद्यही दुधात किंवा कांजीत शोधन केल्याशिवाय गुंज वापरत नाहीत. कवच उघडलं की वेल आणि विष, दोघांचीही वाट मोकळी होते.

अण्णा, माझे वडील, शेताबद्दल बोलत नाहीत. मोबदल्यावरून भावकीत जे झालं, त्याबद्दल तर नाहीच. "मन मोकळं करा, बरं वाटेल," असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. एकदा जेवताना जुना सातबाराच त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी ताट सरकवलं आणि दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत.

तेव्हा कळलं ते एवढंच, की घासलेली बी पुन्हा मिटवता येत नाही. माती तयार नसेल तर ती कुजते. अण्णांच्या आतून जे बाहेर आलं असतं, ते ठेवायला माझ्याकडे माती होती का? खरं तर बरं मलाच वाटून घ्यायचं होतं.

मग दुसऱ्याला कधीच जागं करू नये का? तसंही म्हणवत नाही. रानातली बी थांबते तेव्हा तिचं कवच झिजत असतं. बाटलीतली नुसती पडून असते. तिला बाटलीत मी घातलंय. ऊन-पाऊस तिच्यापर्यंत पोचत नाही. तिच्याबाबतीत वाट पाहत बसणं हा संयम नव्हे, टाळाटाळ आहे. आणि अण्णाही तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, तसे बाटलीतच आहेत.

यंदा आधी कुंड्या भरल्या, मग हातमोजे घालून फक्त तीन गुंजा घासल्या. दोन उगवल्या. बाकीच्या गच्चीवर मातीत मिसळून ऊन-पावसात ठेवल्या आहेत.

आणि दर रविवारी अण्णांना गाडीवर बसवून शेंद्र्याला नेतो. काही विचारत नाही. चौथ्या रविवारी एका पथदिव्याखाली त्यांनी गाडी थांबवायला सांगितली.

"इथं आपली विहीर होती," ते म्हणाले.

मी गाडी बंद केली आणि गप्प उभा राहिलो.