पूजेतल्या वस्तूंचे विसर्जन

देवाला वाहिलेली वस्तू कचऱ्यात टाकावी का, हा प्रश्न अंधेरीपासून मुलुंडपर्यंत घरोघरी पडतो. म्हणूनच काच तडकलेल्या तसबिरी पिंपळाच्या पारावर ठेवलेल्या दिसतात. पावसात कागद भिजतो, देवाच्या चेहऱ्याचा रंग ओघळतो. विटंबना होते ती इथे. उत्तर पूजाविधीतच आहे. आवाहनाने देव मूर्तीत येतो. उत्तरपूजेत अक्षता वाहून, मूर्ती किंचित हलवून त्याला निरोप दिला जातो. मागे उरते ती माती. तसबिरीची तर सहसा प्राणप्रतिष्ठाही झालेली नसते. नमस्कार करून चौकट, काच आणि चित्र वेगळे करावे. काच जाड कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यावी. पितळेची समई, तांब्याची पळी मोडीत जाते, उदबत्तीचा पुठ्ठा रद्दीत. निर्माल्यातला दोरा आणि प्लास्टिक काढून फुले-पाने कुंडीत कुजवावीत. विसर्जनस्थळी महापालिकेचे निर्माल्य कलश असतात, त्यातल्या फुलांचेही खत होते. शाडूची मूर्ती घरी बादलीत विरघळते, ती माती झाडांना घालता येते. प्लास्टर ऑफ पॅरिस सहज विरघळत नाही. त्या मूर्तीसाठी कृत्रिम तलाव. थर्माकोलच्या मखरावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.